पंढरपूरला निघालेलं पाणी, मुंबईला गेलेली माणसं

जुलै महिन्यात ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या दोन थेंबांच्या वाटा बघा. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब काही तासांत कोकणात उतरतो, कुंडलिकेला मिळतो आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. त्याच्यापासून हातभर पूर्वेला पडलेला थेंब मात्र समुद्राकडे पाठ फिरवतो. तो मुळेत येतो, पुण्याच्या संगमावर मुठेला भेटतो, पुढं भीमेत शिरतो, उजनीत साठतो, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून विठोबाच्या पायांशी वाहतो, रायचूरच्या बाजूला कृष्णेत मिसळतो आणि थेट आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळतो. शंभर किलोमीटरच्या आत एक समुद्र असताना हा थेंब हजार किलोमीटरहून लांबचा समुद्र गाठायला निघतो.

निसर्गाने घालून दिलेला हा क्रम याच घाटमाथ्यावरच्या मुळशीत सुमारे शंभर वर्षांपूर्वी बदलला. पंढरपूरच्या वाटेला लागलेलं पाणी अडवलं गेलं, उलट दिशेला वळवलं गेलं, त्याची वीज झाली आणि ती वीज मुंबईला गेली. याच डोंगराळ पट्ट्यातली माणसंही पिढ्यान् पिढ्या घाट उतरून मुंबईला जात राहिली. लहानशा मुलखातून मोठ्या शहरात जाणं ही आज घराघरांतली गोष्ट आहे. कुणी लातूरहून पुण्याला जातं, कुणी पुण्याहून बंगळुरूला, कुणी अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या गावातून ह्यूस्टन-अटलांटासारख्या महानगराला. पण त्या जाण्यामागची सगळी यंत्रणा एकाच ठिकाणी उघडी दिसावी, अशी जागा मुळशीसारखी क्वचितच सापडेल.

सुरुवात पावसापासून करायला हवी, कारण सगळं त्याच्यामुळंच घडलं. अरबी समुद्रावरून बाष्पानं भरलेला वारा येतो आणि सह्याद्रीच्या कड्याला धडकतो. त्याला वर चढण्याखेरीज वाट नसते. वर चढताना तो थंड होतो, थंड झाल्यावर बाष्प धरून ठेवू शकत नाही आणि कड्याच्या माथ्यावरच रिता होतो. ताम्हिणी परिसरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तो यामुळं. कडा ओलांडून वारा पूर्वेला उतरू लागला की पुन्हा तापतो आणि ढग विरळ होतात. पौड ओलांडून पुण्यापर्यंत यावं, तर पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरवर आलेला असतो. एका गाडीरस्त्याच्या प्रवासात पाऊस आठ पटींनी कमी होतो! मुळशी तालुका या उतारावर आडवा पसरलेला आहे. त्याच्या पश्चिम टोकाला लोक इरली पांघरून चिखलात भात लावत असतात, तेव्हा पूर्व टोकाला हिंजवडीत लोक छत्री उघडावी की नाही याचा विचार करत असतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई ही कापडगिरण्यांची नगरी होती आणि या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दूर बंगालकडून यायचा, महाग पडायचा आणि धुरानं शहराचा श्वास कोंडायचा. घाटमाथ्यावरचा पाऊस साठवून त्याची वीज मुंबईला न्यायची ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते गेले, पण काम पुढं चाललं. लोणावळ्याच्या तलावांवर चालणारं खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर चालणारं भिऱ्याचं.

इथं भूगोलाचा चमत्कार कामी आला. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. पुणं साधारण साडेपाचशे मीटरवर. म्हणजे पाणी आपल्या नैसर्गिक वाटेनं पूर्वेला गेलं तर चाळीस-पन्नास किलोमीटर चालून जेमतेम पन्नास मीटर उतरतं. अशा संथ उतारावर वीज फारशी हाती लागत नाही. पण त्याच पाण्याला पश्चिमेकडं बोगद्यातून कड्यापर्यंत नेलं, तर काही किलोमीटरच्या अंतरात ते सुमारे पाचशे मीटर खाली कोसळतं. पिंपरीहून अंधारबनाच्या जंगलातून भिऱ्याला उतरणाऱ्या भटक्यांना हा उतार गुडघ्यांनी मोजलेला असतो.

पाचशे मीटरचं हे पडणं म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत मांडलं की थक्क व्हायला होतं. हजार लिटर पाणी, म्हणजे घरावरच्या एका टाकीएवढं, पाचशे मीटर खाली आणलं की त्यातून साधारण सव्वा युनिट वीज मिळू शकते. तुमचा छतावरचा पंखा तेवढ्यात दिवसभर फिरेल. मोठ्या पोलादी नळांतून उतरलेलं हे पाणी तळाशी एका निमुळत्या तोंडातून बाहेर पडतं, तेव्हा त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असतो. पाण्याची ती धार समोर फिरणाऱ्या चाकावर आदळते. चाकाच्या कडेनं जोडवाट्या बसवलेल्या असतात, दोन वाट्यांच्या मध्ये धारदार कणा. धार कण्यावर दुभंगते, दोन्ही वाट्यांच्या गोलाईतून वळून जवळपास उलट दिशेनं बाहेर पडते आणि वळता वळता आपला जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन टाकते. साडेतीनशेच्या वेगानं आलेलं पाणी चाकाखाली शांतपणे गळून पडतं. हे पेल्टन चाक. याच्या फिरण्यातून निर्माण झालेली वीज तारांवरून मुंबईकडं निघते, आणि दमलेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला सकाळी जी राफ्टिंगची धमाल चालते ती भिऱ्याहून सोडलेल्या या पाण्यावर. उन्हाळ्यातही कुंडलिका वाहते ती मुळशीच्या पावसामुळं.

या विजेनं मुंबईला बदलून टाकलं. गिरण्या विजेवर आल्या. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, १९२८ साली कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. गिरण्या आणि रेल्वे ही घाटमाथ्यावरच्या पाण्याची मोठी गिऱ्हाइकं झाली. ज्या मुंबईत पहाटे माणूस अंबरनाथ-विरारहून निघून फोर्टात कामाला जाऊ शकतो, ती पसरलेली मुंबई विजेच्या लोकलशिवाय उभीच राहिली नसती.

पण मुळशीच्या खोऱ्यात काय होतं, हेही तितक्याच बारकाईनं बघायला हवं. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब भिंत उभी राहिली. तिच्यामागं जे बुडालं ते मावळातलं उत्तम भातखाचर होतं. वर्षानुवर्षं बांध घालून, गाळ अडवून सपाट केलेली जमीन, जिच्यातल्या आंबेमोहोराचा वास शिजताना शेजारच्या आळीत जायचा. पन्नासहून अधिक गावांना आणि हजारो माणसांना या धरणाचा फटका बसला. बारा मावळांपैकी हा मुलूख, शिवरायांच्या सैन्याला माणसं पुरवणारा. घनगड, कोराईगड, कैलासगड इथं आजूबाजूलाच आहेत.

या लोकांनी मुकाट्यानं जमीन दिली नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यात बायका होत्या, मुलं होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी. डेक्कन कॉलेजात आणि मग एडिंबरोला शिकलेला हा माणूस मावळातल्या शेतकऱ्यांबरोबर धरणाच्या दगडांत येऊन बसला, आणि महाराष्ट्र त्यांना सेनापती म्हणू लागला. विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे यांच्यासारखी माणसं सोबत होती. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, सत्याग्रही तुरुंगात गेले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांना घेऊन जाणारी गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे.

लढा का हरला, याचं एक कारण आजही शिकण्यासारखं आहे. खाचरात राबणारा मावळा आणि कागदावर मालक असलेला माणूस हे बऱ्याच ठिकाणी वेगळे होते. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गेलेल्या होत्या. मालकाला मोबदला मिळाला की त्याचं काम झालं. कुळाला मोबदल्यात घर, गाव, देव, शेजार यांतलं काही मिळणार नव्हतं. भूसंपादनाच्या कायद्याला जमिनीचा मालक दिसत होता, तिच्यावर जगणारा दिसत नव्हता. धरणांची, महामार्गांची, विमानतळांची भांडणं आजही याच फटीतून सुरू होतात.

मग ही माणसं गेली कुठं? बरीचशी डोंगर चढून वर सरकली. खालचं गाव पाण्यात गेलं आणि त्याच नावाचं गाव उतारावर नव्यानं मांडलं गेलं. आज जलाशयाच्या काठानं फिरताना लागणारी कित्येक गावं अशी वर आलेली आहेत. पण उतारावर भाताचं खाचर होत नाही. तिथं नाचणी आणि वरई पिकते, तीही पावसाळ्याचे चार महिने. उरलेले आठ महिने हाताला काम नसतं. अशा मुलखातल्या तरुणासाठी मुंबई ही हौस नव्हती, ते वर्षाच्या हिशेबातलं एक पीक होतं.

हे पीक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या साऱ्या डोंगरपट्ट्यानं धरणाच्या आधीपासून घेतलं. अनोळखी महानगरात पाय कसा रोवायचा याची त्यांनी शोधलेली पद्धत फार सुंदर आहे. एकट्यानं जायचं नाही, गावाच्या आधारानं जायचं. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकायचा. प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी, जेवण गावच्याच कुणा बाईच्या खाणावळीत. नवा पोरगा गाडीतून उतरला की त्याची राहण्याची, जेवणाची आणि कामाची सोय त्या खोलीत आधीच झालेली असे. आज परदेशातल्या मोठ्या शहरात उतरणारा मराठी इंजिनिअर महाराष्ट्र मंडळाच्या कुणाकडे तरी पहिला आठवडा काढतो, तेव्हा तो हीच जुनी व्यवस्था वापरत असतो.

या व्यवस्थेतून जगाला अचंबित करणारी एक गोष्ट जन्माला आली. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी घरचं जेवण कचेरीत पोचवण्याचा धंदा सुमारे शंभर माणसांनिशी सुरू केला. पुढं तो वाढत वाढत पाच हजार डबेवाले आणि रोजचे दोन लाखांच्या घरातले डबे इथवर गेला. हे डबेवाले बहुतांशी याच डोंगरपट्ट्यातले.

एक डबा हातात घेऊन बघू. झाकणाच्या मधोमध ठसठशीत आकडा असतो, तो डबा शहराच्या कुठल्या भागात उतरायचा ते सांगतो. एका कडेला आकडे आणि अक्षरं असतात: तिथं कुणी पोचवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. आणखी एक खूण असते ती डबा कुठल्या स्थानकाच्या परिसरातून निघाला त्याची, कारण दुपारी रिकामा डबा त्याच घरी परत जायचा असतो. नाव नाही, पत्ता नाही. सकाळी घरातून डबा उचलणारा गडी तो स्थानकावर आणतो, तिथं डबे ठिकाणांनुसार वेगळे होतात, लाकडी पाटीत रचले जातात. डोक्यावर साठ-सत्तर किलोची पाटी घेऊन माणूस लोकलच्या मालडब्यात चढतो. उतरल्यावर पुन्हा वाटप होतं आणि साडेबाराच्या सुमारास डबा टेबलावर असतो. वाटेत तो कितीतरी हातांतून जातो. कमी शिकलेल्या माणसालाही गर्दीत, धावत्या पायांनी, क्षणभर बघून कळावी अशी ही लिपी आहे, आणि ती कुठल्याही तज्ज्ञानं आखलेली नाही. पुढं हार्वर्ड बिझनेस स्कूलनं तिचा अभ्यास केला, २००३ साली ब्रिटनचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटले.

तरीही माझ्या मते या कामाचं मर्म खुणांमध्ये नाही. रोज हजारो डबे अनेकांच्या हातून जातात आणि हरवत नाहीत, कारण हात एकमेकांना ओळखतात. डबेवाल्यांच्या टोळीचा मुकादम आणि नवा गडी एकाच खोऱ्यातले असतात. गडी चुकला तर त्याची बातमी गावच्या पारावर त्याच्या आधी पोचते. एवढ्या मोठ्या शहरात ज्या विश्वासाचं कौतुक झालं तो विश्वास या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांत तयार झालेला होता. विजेप्रमाणे तोही घाटावरून खाली आला.

आणि इथं थेंबाच्या वाटेची एक विलक्षण जुळणी होते. डबेवाल्यांत बहुतेक जण वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी, पंढरीची ओढ. त्यांच्या खोऱ्यातलं पंढरपूरकडं जाणारं पाणी मुंबईच्या उपयोगाला वळलं, ते स्वतः मुंबईत राबायला गेले, आणि तिथून आषाढीला पंढरपूरला जातच राहिले. पाण्याची जुनी दिशा माणसांनी पायांनी जपली.

ते गावालाही परत येतात. दर चैत्रात मुंबईच्या वर्तमानपत्रांत बातमी येते की डबेवाले गावच्या जत्रांसाठी काही दिवस सुट्टीवर चालले आहेत, त्या दिवसांत डबा मिळणार नाही. संपूर्ण शहराचं जेवण थांबवून गावच्या देवाला जाणारा दुसरा कुठला व्यवसाय मला माहीत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल थांबल्या, तेव्हा यांच्यातले बरेच जण थेट गावी आले आणि शेतात उतरले. गाव सोडून गेलेल्या माणसाला गाव किती उपयोगी पडतं, हे त्या वर्षी सगळ्या देशानं पाहिलं. डबेवाल्यांची संख्या त्यानंतर बरीच घटली.

परतण्याची गोष्ट पाण्यालाही लागू होते, हे कळलं तेव्हा मी चकित झालो होतो. १९९७ साली भिऱ्याला दीडशे मेगावॅटचा उदंचन संच बसवला गेला. विजेची मागणी कमी असते तेव्हा हा संच उलटा चालतो आणि खाली उतरलेलं पाणी पुन्हा पाचशे मीटर वर मुळशीच्या जलाशयात ढकलतो. मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली येतं. आता सूर्यापासून आणि वाऱ्यापासून मिळणारी वीज वाढते आहे, ती साठवायला अशा संचांची गरज जगभर भासते आहे.

आज मुळशीत वारं उलटं वाहतं आहे. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी-माण भागात एमआयडीसीनं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं आणि देशभरातले तरुण तिथं कामाला आले. लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत. पौडजवळच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथं अनेक देशांची मुलं एकत्र शिकतात. ज्या खोऱ्यांतून माणसं शहरात जायची तिथं शहर स्वतः चालत आलं. त्यात अनेकांची भरभराट झाली, आणि जमीन विकून रिकाम्या हातांनी उरलेल्या तरुणांचं काय होतं हेही मराठी माणसानं २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटात पाहिलं. मालकाला मोबदला आणि राबणाऱ्याला काही नाही, हे १९२१ चं दुखणं नव्या रूपात परत आलेलं आहे.

म्हणून मला ठामपणे वाटतं की कुठलंही मोठं शहर हे आधी लहान गावांकडून घेतलेल्या गोष्टींचा साठा असतं. पाणी, वीज, धान्य, माणसं आणि त्या माणसांनी सोबत आणलेला विश्वास. शहरात जाणं वाईट नाही. माणूस जात आला आहे आणि जाणार आहे. पण घेतलेल्याची नोंद राहिली पाहिजे. मुळशी सत्याग्रहाचं प्रकरण शाळेत नीट शिकवलं गेलं पाहिजे, जलाशयाकाठच्या गावांना रस्ता, दवाखाना आणि शाळा यांसाठी हात पसरावे लागता कामा नयेत, आणि पुढच्या प्रत्येक प्रकल्पात जमिनीवर राबणाऱ्याचं नाव कागदावर मालकाच्या बरोबरीनं लागलं पाहिजे.

येत्या पावसाळ्यात ताम्हिणीला जाल तेव्हा धबधब्याशी फोटो जरूर काढा. मग जलाशयाच्या काठच्या एखाद्या गावात थांबा, एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना त्यांचं जुनं गाव पाण्यात कुठल्या बाजूला आहे ते विचारा आणि घरातलं कोण मुंबईला असतं तेही विचारा. आणि तुम्ही स्वतः गाव सोडून एखाद्या महानगरात राहत असाल, तर तिथल्या नळाचं पाणी कुठल्या खोऱ्यातून येतं, एवढं तरी शोधून मुलांना सांगा.